‘हल्ला परदेशातून झाला’ म्हणजे नेमकं काय झालं?

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात स्प्रिंगफिल्ड शहराजवळ एक छोटी पाणीपुरवठा योजना आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये तिथला एक पंप जळाला. आपल्या म्हैसाळ, ताकारी, टेंभू या उपसा योजनांच्या पाण्यावर शेती करणाऱ्या कुणालाही मोटार जळण्याचं नवल वाटायचं नाही. पण तिथे दुरुस्तीवाल्याने पंप चालवणाऱ्या संगणकाच्या नोंदी चाळल्या आणि पाच महिन्यांपूर्वीच्या एका नोंदीत रशियातला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्राला मिळणारा क्रमांक, निघाला. राज्याच्या गुप्तवार्ता केंद्राने अहवाल लिहिला, अहवाल बाहेर फुटला आणि ‘पाणीयोजनेवर परदेशी सायबर हल्ला’ ही बातमी जगभर झाली.

मग केंद्रीय यंत्रणांनी तपास केला. ते लॉगिन योजनेचं काम पाहणाऱ्या कंत्राटदाराचंच होतं. जूनमध्ये तो कुटुंबाबरोबर रशियात सुट्टीवर असताना योजनेवरून त्याला फोन आला होता, म्हणून त्याने तिथूनच सिस्टीम उघडून पाहिली होती. नोंदीत रशियन आयपीच्या शेजारीच त्याचं युजरनेम लिहिलेलं होतं. अहवाल लिहिण्याआधी त्याला एक फोन कुणी केला नाही.

सायबर घटनांच्या बातम्या कुठे घसरतात, ते या एका पंपात दिसतं. आपल्याकडे हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. सांगलीत नागरी बँका आहेत, गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, साखर कारखाने आहेत, हळदीच्या सौद्यांचे हिशेब संगणकावर आहेत. उद्या यातल्या कुणाचा सर्व्हर बंद पडला, तर दुपारपर्यंत कुणीतरी ‘चिनी हॅकर’ किंवा ‘पाकिस्तानी हॅकर’ म्हणणारच. ते खरंही असू शकतं. पण ते कशावरून ठरतं, हे माहीत असलं पाहिजे.

एका प्रश्नात चार प्रश्न

‘कोणी केलं?’ या प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न आहेत. कोणत्या यंत्रावरून झालं? त्या यंत्रामागे माणूस कोण होता? तो कोणत्या टोळीचा? आणि त्या टोळीला हे काम कुणी सांगितलं?

पहिल्याचं उत्तर फायरवॉलमध्ये, म्हणजे जाळ्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या नोंदींत, पाच मिनिटांत मिळतं. दुसऱ्यासाठी पोलिसांना त्या सर्व्हरच्या मालकाकडून ग्राहकाची माहिती काढावी लागते, आणि सर्व्हर परदेशात असेल तर दोन देशांमधल्या कायदेशीर साहाय्याच्या मार्गाने विनंती पाठवावी लागते. त्यात महिने जातात. तिसऱ्यासाठी मालवेअरचा, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचा, कोड, त्याचे सर्व्हर आणि टोळीच्या कामाची पद्धत जुन्या घटनांशी ताडून पाहतात. चौथ्याचं उत्तर बहुतेक वेळा फक्त गुप्तचर यंत्रणांकडे असतं, कारण ते कळायला समोरच्याच्या घरात कान असावा लागतो. बातमी मात्र पहिल्या पायरीवरून थेट चौथीवर उडी मारते, आणि मधल्या दोन पायऱ्यांवर तपासाचं सगळं काम असतं.

आयपी पत्त्याला गाडीच्या नंबरइतकंच वजन द्यावं. एमएच-१० ची गाडी नागपुरातल्या दरोड्यात सापडली, म्हणून दरोडा सांगलीकरांनी घातला असं कुणी लिहीत नाही. गाडी चोरीची असेल, भाड्याची असेल, पाटी खोटी असेल. इंटरनेटवर हे आणखी सोपं आहे. महिना काही डॉलरमध्ये कुठल्याही देशातला सर्व्हर भाड्याने मिळतो आणि पैसे क्रिप्टोत देता येतात. खरा पत्ता लपवणारं व्हीपीएन आहे, टॉर आहे. आणि लोकांच्या घरातले, कधीच अपडेट न झालेले राउटर आणि सीसीटीव्हीचे डीव्हीआर आहेतच. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने जाहीर केलं की ‘व्होल्ट टायफून’ या चीन सरकारशी जोडल्या जाणाऱ्या गटाने अमेरिकेतलेच शेकडो जुने राउटर ताब्यात घेतले होते. म्हणजे तिथे पत्ता पाहून निष्कर्ष काढणाऱ्याला हल्ला शेजारच्या गल्लीतून आल्यासारखा दिसला असता.

पत्त्यावरून ठिकाण सांगणारी माहितीही कच्ची असते. सांगलीत बसून मोबाइल डेटावर ‘माझा आयपी कुठला’ हे कोणत्याही साइटवर पाहा. बरेचदा पुणे किंवा मुंबई दिसेल. शिवाय मोबाइल कंपन्या एकच आयपी एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. त्यामुळे आयपीबरोबर पोर्ट क्रमांक (जोडणी कोणत्या दारातून गेली तो आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ नसेल, तर कंपनीलाही ग्राहक सांगता येत नाही.

एक नोंद जवळून

समजा, विश्रामबागेतल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर सोमवारी सकाळी उघडत नाही. फाइलींची नावं बदललेली, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. हार्डवेअरवाला येतो, विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडतो आणि सिक्युरिटी विभागात पाहतो. तिथे ४६२५ क्रमांकाच्या शेकडो नोंदी ओळीने आहेत, म्हणजे लॉगिनचे फसलेले प्रयत्न. मग एक ४६२४, म्हणजे लॉगिन झालं. त्यात ‘लॉगॉन टाइप १०’ लिहिलंय, म्हणजे कुणीतरी रिमोट डेस्कटॉपने बाहेरून आलं. खाते ‘ॲडमिन’. स्रोत पत्ता युरोपातल्या कुठल्यातरी देशाचा.

ही नोंद काय सांगते? रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडं होतं. चुकलेल्या पासवर्डवर खातं बंद होण्याची सोय नव्हती. पासवर्ड अंदाजाने सापडण्याइतका सोपा होता, किंवा तो आधीच कुठेतरी फुटलेला होता. दुसरी पायरी, म्हणजे मोबाइलवरचा ओटीपी, नव्हती. चारही गोष्टी सांगलीतल्या आहेत आणि चारही पुराव्याने सिद्ध होतात. युरोपातल्या त्या देशाविषयी ही नोंद फक्त एवढंच सांगते की तिथलं एक यंत्र वापरलं गेलं.

वेळेचा घोळ तर हमखास होतो. इव्हेंट व्ह्यूअर त्या संगणकाची स्थानिक वेळ दाखवतो, फायरवॉल बरेचदा जागतिक वेळ लिहितो, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. फायरवॉलमधलं रविवारचं २०:४७ म्हणजे आपल्याकडे सोमवार उजाडताना रात्री २ वाजून १७ मिनिटं. हा फरक न लावता कुणी ‘रविवारी रात्री पावणेनऊला’ असं सांगितलं, तर संशय त्या वेळी कार्यालयात असलेल्या शिपायावर किंवा रोखपालावर जातो. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचं घड्याळ पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे असतं, ते वेगळंच.

वेळेवरून देश ओळखायची एक पद्धत आहे. मालवेअर कोणत्या तासांत बनवला गेला ते पाहायचं आणि तो कुठल्या देशाच्या कार्यालयीन वेळेत बसतो ते ठरवायचं. पण बीजिंगची घड्याळ-वेळ सिंगापूर, मनिला आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थचीही आहे. आणि फाइलवरची वेळ हवी ती टाकता येते.

खोटी नेमप्लेट

फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातल्या प्याँगचांग इथे हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनालाच संगणकयंत्रणा कोलमडली. मालवेअरचं नाव पडलं ‘ऑलिम्पिक डिस्ट्रॉयर’. यजमान दक्षिण कोरिया, त्यामुळे पहिला संशय उत्तर कोरियावर गेला. मालवेअरच्या आत खूणही तशीच सापडली: उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या ‘लाझारस’ गटाच्या जुन्या मालवेअरमध्ये जशी होती, अगदी तशीच.

कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती खूण नीट तपासली. प्रोग्रॅम कोणत्या साधनाने बांधला, याचा शिक्का फाइलीत असतो. तो शिक्का जुन्या साधनाचा होता आणि आतला कोड नव्या साधनाने बांधलेला. जुन्या पंपाची नेमप्लेट काढून नव्या पंपावर रिव्हेट मारावी, तसला हा प्रकार. पाटी जुनी आणि आतलं वाइंडिंग नवं. खूण मुद्दाम पेरलेली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर नावानिशी आरोपपत्र ठेवलं, त्यात या हल्ल्याचाही आरोप होता. मध्ये अडीच वर्षं गेली. पहिल्या आठवड्यात बोट ज्या देशाकडे होतं, तो हा देश नव्हता.

उलट बाजूची चूकही लक्षात ठेवावी. फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संगणकांत घुसखोरी झाली. इराकशी तणाव होता, म्हणून संशय बगदादवर गेला. सापडले कॅलिफोर्नियातले दोन शाळकरी पोरगे आणि इस्रायलमधला त्यांचा एक तरुण वाटाड्या.

कावळा बसला, फांदी मोडली

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, रुग्णालयं जनरेटरवर गेली. साडेचार महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, न्यूयॉर्क टाइम्सने बातमी दिली. तिचा आधार होता ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीचा अहवाल: भारताच्या वीज क्षेत्रातल्या दहा संस्थांच्या जाळ्यांत चीनशी जोडल्या जाणाऱ्या एका गटाच्या मालवेअरच्या खुणा दिसल्या होत्या. चीनबरोबरची गलवानची झटापट ताजी होती, दोन गोष्टी जोडल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली. त्यानंतर तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की वीज मानवी चुकीने गेली, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही.

हे फक्त दोन सरकारांचं भांडण म्हणून वाचलं, तर मुद्दा हातचा जातो. कंपनीने स्वतःच लिहिलं होतं की मालवेअर आणि मुंबईचा अंधार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही. जाळ्यात मालवेअर असणं हा एक दावा, त्या मालवेअरने वीज घालवली हा दुसरा. पहिला खरा असला तरी दुसऱ्याला वेगळा पुरावा लागतो: कोणत्या उपकेंद्राला, किती वाजता, कोणत्या संगणकावरून आज्ञा गेली? ४०० केव्हीच्या वाहिन्या कोणत्या क्रमाने आणि कशामुळे ट्रिप झाल्या, हे रिलेच्या, म्हणजे बिघाड दिसताच वाहिनी तोडणाऱ्या उपकरणाच्या, नोंदी सांगतात. ते तपासल्याशिवाय जोडलेला संबंध कावळ्याचा आणि फांदीचा.

आपल्याकडे गाजलेल्या प्रकरणांत परदेशी हाताचा दावा बराच टिकलेलं एक प्रकरण आपल्या शेजारचंच आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेची जागा चोरट्यांच्या बनावट यंत्रणेने घेतली आणि २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. भारतातही निघाल्या, त्यात कोल्हापूर होतं. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने हे प्रकरण उत्तर कोरियाच्या कारवायांत धरलं. आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली, ते आपल्याकडचेच लोक होते: खोटी कार्डं घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेले. ‘उत्तर कोरियाने केलं’ एवढंच लिहिलं, तर हे अकरा जण आणि मंजुरीच्या यंत्रणेतलं भगदाड, दोन्ही वाचकाच्या नजरेआड जातात.

शब्द फार जपून वापरायचे आहेत

मराठी बातमीत ‘चिनी हॅकर’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो: चीनमधल्या सर्व्हरवरून आलेला हल्ला, चिनी भाषा वापरणारा एखादा गुन्हेगार, आणि चीन सरकारच्या आदेशाने काम करणारी तुकडी. या तिघांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि ते बातमीत दिसलंच पाहिजे.

सुरक्षा कंपन्यांच्या अहवालात ‘पांडा’, ‘बेअर’, ‘किटन’, ‘टायफून’ अशी नावं येतात. क्राउडस्ट्राइक ही कंपनी चीनसाठी पांडा, रशियासाठी अस्वल, इराणसाठी मांजराचं पिल्लू आणि पाकिस्तानसाठी बिबट्या वापरते. मायक्रोसॉफ्ट हवामानाचे शब्द वापरते. ही लेबलं आहेत. सारख्या दिसणाऱ्या कारवायांच्या एका गठ्ठ्याला कंपनीने दिलेलं नाव. त्याच अहवालात ‘मध्यम खात्री’, ‘कमी खात्री’ असंही लिहिलेलं असतं, आणि भाषांतर होताना सगळ्यात आधी गळतात ते हेच शब्द.

आकड्यांचंही तसंच. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर यंत्रणेने सांगितलं की भारतावर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले, त्यांतले १५० यशस्वी झाले. दहा हजारांत एक. मथळ्यात १५ लाखच आले. अशा मोजणीत ‘हल्ला’ म्हणजे बहुतेक वेळा दाराची कडी वाजवणं असतं: एखादा स्वयंचलित प्रोग्रॅम हजारो पत्त्यांवर जाऊन कोणतं पोर्ट उघडं आहे ते चाचपतो. कुठलाही नवा सर्व्हर इंटरनेटला जोडला की थोड्याच वेळात हे सुरू होतं, युद्ध असो वा नसो. त्याच दिवसांत ‘पाकिस्तानी सायबर हल्ल्याने देशातलं ७० टक्के वीजजाळं बंद’ असा मेसेज फिरत होता; तो खोटा असल्याचं पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या सत्यपडताळणी विभागाला सांगावं लागलं.

बोट बाहेर दाखवलं की घरातलं काय झाकतं

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या मालवेअरने, बंद पडले. रुग्णांची नोंदणी पुन्हा कागदावर आली. काही दिवसांत सूत्रांच्या हवाल्याने चीनचं नाव आलं, २०० कोटींच्या खंडणीची बातमी आली. अशी मागणी आमच्यासमोर आलेली नाही, असं दिल्ली पोलिसांनी सांगितलं. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती बाधित झाल्याचं आलं, आणि त्यामागचं कारणही: जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते. म्हणजे एका खोलीत लागलेली आग साऱ्या वाड्यात पसरायला मधे भिंतच नव्हती. देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयाने वाचायला हवी होती अशी बातमी ही होती. ती आतल्या पानावर गेली.

३१ जुलै २०२४ ला सुमारे तीनशे छोट्या बँकांचे व्यवहार अडकले, त्यांत सहकारी बँका होत्या. त्यांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज कंपनीवर रॅन्समवेअरचा घाव पडला होता आणि बँकांमधल्या डिजिटल व्यवहारांचं जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला जाळ्यापासून तोडलं. अशा वेळी आपल्या भागातल्या ग्राहकाने विचारायचा प्रश्न साधा आहे: माझ्या बँकेचा सॉफ्टवेअर पुरवठादार कोण, आणि तो पडला तर बँक काय करते?

पैशांचाही एक हिशेब आहे, तो संचालक मंडळांना सहसा ठाऊक नसतो. लंडनच्या लॉइड्स विमा बाजाराने मार्च २०२३ अखेरपासून सायबर पॉलिसींत सरकारपुरस्कृत हल्ल्यांचा अपवाद घालायला सांगितलं आहे. जून २०१७ च्या ‘नॉटपेट्या’ या मालवेअरच्या हल्ल्यानंतर औषध कंपनी मर्क आणि तिच्या विमा कंपन्यांमध्ये असंच युद्ध-अपवादाचं कलम काढून वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. तेव्हा घाईघाईने ‘शत्रू देशाने हल्ला केला’ असं प्रसिद्धिपत्रक काढणारी संस्था स्वतःच्या दाव्याविरुद्ध कागद तयार करत असते. पत्रक काढण्याआधी पॉलिसी उघडून अपवादांचं पान वाचा.

मग करायचं काय

घटना घडली की सर्व्हर बंद करू नका आणि रीस्टार्टही करू नका. नेटवर्कची केबल काढा. वीज तोडली की रॅममधलं सगळं पुसलं जातं, आणि चालू असलेला मालवेअर, कधीकधी कुलपाची किल्लीसुद्धा, तिथेच असते. खंडणीच्या चिठ्ठीचा फोटो काढा. फायरवॉलची नोंदवही लगेच बाहेर कॉपी करा. लहान फायरवॉलमध्ये जागा कमी असते आणि नव्या नोंदी जुन्यांवर चढतात, काही वेळा दोन दिवसांतच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणं आणि नोंदी १८० दिवस भारतात जपणं बंधनकारक आहे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन आधी.

डिस्कची प्रत घेतली की तिचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा, काढा, म्हणजे तिच्यातला एकही बिट पुढे बदललेला नाही हे दाखवता येतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हे मूल्य लिहावं लागतं. १ जुलै २०२४ पूर्वी यासाठी जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५-बी होतं. फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकण्याची घाई इथे सगळ्यात महागात पडते. काम दुपारपर्यंत सुरू होतं, पण ‘कोणी केलं’ हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो आणि मग अफवेला मोकळं रान.

बातमीदारांनी सूत्राला विचारायचं ते असं: हा देश कशावरून कळला, आयपीवरून की आणखी कशावरून? किती खात्री आहे, आणि हे लिहून कोण देतंय? सांगणाऱ्याचा काही माल विकायचा आहे का? दार कुठलं उघडं होतं? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल आणि देशाचं नाव मात्र तोंडावर तयार असेल, तर बातमी एक दिवस थांबवावी. रशियावर नॉटपेट्याचा ठपका ब्रिटन-अमेरिकेने अधिकृतपणे ठेवला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये, आठ महिन्यांनी. त्यांच्यापाशी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त साधनं होती.

आणि परका आयपी दिसला की त्याच ओळीतलं युजरनेम वाचा. ते सॉफ्टवेअरवाल्याचं, वार्षिक देखभालीचा ठेका असलेल्या मेकॅनिकचं किंवा सुट्टीवर गेलेल्या शाखाधिकाऱ्याचं असेल, तर त्या माणसाला फोन लावा: त्या तारखेला, त्या वेळी तुम्ही कुठे होता, आणि कशावरून लॉगिन केलंत?